आकाशवाणीची सकाळची धून: फॉरवर्डमधलं खरं किती?

पेटीवाली (मिरज)

नमस्कार मंडळी. मी घरी पेटीचे वर्ग घेते. आठवीतल्या एका विद्यार्थ्याला शाळेत ‘रेडिओ’ हा विषय प्रकल्पासाठी मिळालाय. त्याच्या आईने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, हे खरं आहे का तेवढं बघा.’ आता मी बघणार कुठे? म्हणून इथे आले.

त्या फॉरवर्डमध्ये असं आहे: आकाशवाणी सुरू होताना सकाळी जी धून वाजते ती एका ज्यू माणसाने केली. तो हिटलरच्या भीतीने मुंबईत आला. त्याची बायको प्रसिद्ध लेखक काफ्काची भाची. तो आइनस्टाइनच्या ओळखीचा. धुनेतलं व्हायोलिन जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांच्या वडिलांचं. आणि धून शिवरंजनी रागात.

एकाच निरोपात एवढी मोठी माणसं आली की मला शंकाच येते. फक्त चार्ली चॅप्लिन तेवढा राहिला.

शिवरंजनीचं मी पेटीवर ताडून पाहिलं. भूपातला गंधार उतरवला की शिवरंजनी, आणि इथे मध्यम-निषादाशिवाय सगळं बसतंय. पण माझ्या कानाला ती धून कधी राग म्हणून ऐकूच आली नव्हती. माहेरी ती वाजली की आजी बंबात ढलप्या सारायची, आणि आम्ही पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. त्या आवाजाला स्वर असतात हे मला पेटी शिकायला लागल्यावरही बरीच वर्षं सुचलं नाही.

तर प्रश्न: धून नक्की कुणाची? आणि तो माणूस खरा असेल तर पुढे त्याचं काय झालं? मुलाला दोन पानं भरायची आहेत, पण आता मलाच उत्सुकता लागलीय.

गिरगावचा जावई

आमच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं नाव ठाकूर बलवंत सिंग. कोणी जॉन फोल्ड्‌स नावाच्या इंग्रजाचंही नाव घेतात. आपल्याकडे काही चांगलं झालं की ते गोऱ्याने केलं असं म्हणायची खोड जुनी आहे. शिवरंजनी गोऱ्याला कशी सुचेल?

निवृत्त ट्रेक्स

पेटीवालीताई, नमस्कार. मी आकाशवाणीत ट्रान्समिशन एक्झिक्युटिव्ह होतो. आमच्यात त्याला ट्रेक्स म्हणतात. नोकरीतली बरीच वर्षं विदर्भात, लहान केंद्रांवर गेली. सकाळच्या ड्युटीला पहाटे साडेचारला जीप यायची. सहा वाजायला सात-आठ मिनिटं असताना आधी ही धून, मग वंदे मातरम्‌, मग मंगलध्वनी. त्यामुळे या विषयात बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजतो. हक्क कसला, ही धून हजारो वेळा वाजवली एवढंच.

आधी फॉरवर्डचा निकाल लावू, कारण तो मी समजलो होतो त्यापेक्षा खरा निघाला.

माणसाचं नाव वॉल्टर कॉफमन. जन्म १ एप्रिल १९०७, कार्लोव्ही व्हारीचा. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि जर्मन बोलणारे त्याला कार्ल्सबाड म्हणत. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. आपल्या वज्रेश्वरीसारखं म्हणा, फक्त तिथे श्रीमंत लोक पोटाच्या तक्रारी घेऊन येत आणि संध्याकाळी बागेत ऑर्केस्ट्रा ऐकत. बर्लिनला फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकला. प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्र शिकला. तिथे प्रबंध लिहून झाला होता, पण आपले एक प्राध्यापक तिथल्या नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत हे कळल्यावर त्याने पदवी घ्यायला नकार दिला. ज्यू होता हे खरं. पत्नी गेर्टा ही काफ्काची भाची, थोरली बहीण एली हिची मुलगी, हेही खरं. आणि या नात्याचा दुसरा भाग फॉरवर्डवाल्यांनी गाळलाय: एलीला १९४१ मध्ये पोलंडमधल्या लोड्झला, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत नेलं, ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी अशाच गेल्या. म्हणजे कॉफमन मुंबई केंद्रावर संगीताचे कार्यक्रम ठरवत होता त्या वर्षांत तिकडे त्याच्या सासूचं हे झालं. आइनस्टाइनशी ओळख होती, तेही खरं.

तो मुंबईत उतरला १९३४ मध्ये. का, तर व्हिसा सहज मिळत होता. हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. अध्यात्माची ओढ वगैरे भानगड नाही, आणि मला हे आवडतं. नोकरीसाठी माणूस जिथे पोस्टिंग मिळेल तिथे जातो, तसं. आपली गाणी त्याने ध्वनिमुद्रिकांवर ऐकली तेव्हा त्याला ती अजिबात कळली नव्हती. परकी वाटली. पण त्याचा विचार असा, की ज्यांनी हे संगीत केलं त्यांनाही बुद्धी आणि मन आहेच, आणि लाखो लोकांना ते आवडतं. म्हणजे दोष आपल्या कानात आहे. मग जिथलं संगीत तिथे जाऊन ऐकावं.

आल्यावर काही महिन्यांतच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली (चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत). दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. पियानोवर स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिनचे वडील), चेलोवर व्हेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ. मे १९३७ पर्यंत १३६ कार्यक्रम झाले. आकडा नीट वाचा, तीन वर्षांत १३६. आमच्या केंद्रावर मासिक संगीत सभा लावायची म्हटलं तरी फाइल तीन टेबलं फिरायची. राहायला वॉर्डन रोडला, रेवा हाउस, महालक्ष्मीच्या देवळाजवळ. आता तो भुलाभाई देसाई रोड.

१९३७ ते १९४६ ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात तो युरोपीय संगीताचा प्रमुख होता.

आता धून. जावईबापू, तीन नावं घेतली जातात हे बरोबर, आणि त्यांत तुमचे बलवंत सिंगही आहेत. कॉफमनच्या नावावर शंका घेणारे एका गोष्टीवर बोट ठेवतात: धून १९३६ ची सांगतात आणि त्याची नोकरी १९३७ ची. पण रेडिओत वाजवायला रेडिओचं नोकर असावं लागत नाही. आमच्यात निम्म्याहून जास्त चांगलं काम ‘कॅज्युअल’ लोकांनी केलंय, आणि ते नेहमी नोकरीच्या आदल्या वर्षीच असतं. माझा कौल कॉफमनला. गोऱ्याला शिवरंजनी कशी सुचेल, हा प्रश्न मात्र मी उलटा विचारीन. तुम्ही ती धून पुन्हा ऐका. तंबोरा सुरू होतो आणि मग त्यावर व्हायोलिन येतं. ते व्हायोलिन आपल्या गायकीसारखं घसरत नाही, मिंड फार घेत नाही, स्वर सरळ धरतं आणि सोडतं. ताईंना तो राग वाटला नाही यात त्यांच्या कानाची चूक नाही. त्याने राग मांडलेला नाहीच. पाच स्वर घेतले आणि युरोपच्या पद्धतीची एक लहानशी चाल त्यांत बांधली. आपल्यातल्या वादकाने केली असती तर त्याने कोमल गंधारावर थोडं आंदोलन दिलंच असतं, हाताला राहवलं नसतं. व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सगळे सांगतात. झुबिन जन्मले २९ एप्रिल १९३६ ला, म्हणजे धुनेच्या आणि त्यांच्या वयात फारसा फरक नाही.

ताई, माझा स्वतःचा एक पराक्रम सांगतो, विषयाला धरून आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पहाटे सेकंदाला पंधरा इंच वेगाची टेप मी साडेसात इंचांच्या वेगावर लावली. लावली आणि फेडर वर केला. धून एक सप्तक खाली. तंबोरा म्हशीसारखा हंबरतोय आणि व्हायोलिनच्या जागी कोणीतरी शोक करतंय. ती संपेना. दुप्पट लांब झाली ना! मला सुचायला वीस सेकंद लागले. नंतर ड्युटी रूमचा फोन. पलीकडे एक म्हातारे शेतकरी, अगदी काळजीने: ‘साहेब, कोणी मोठा माणूस गेला का?’ राष्ट्रीय दुखवट्याला आम्ही सारंगी लावायचो, त्यांना तसं वाटलं.

खुलासा मागवला गेला. मी लिहून दिला. त्या खुलाशात आणि त्या दिवशीच्या लॉगबुकात शब्द एकच: ‘सिग्नेचर ट्यून’. सुगम संगीताच्या साध्या गाण्यालाही आम्ही गायक, कवी, संगीतकार अशा तीन रकान्यांत नावं लिहायचो. मानधनाचा हिशेब त्यावर असतो. या धुनेसमोर तिन्ही रकाने कोरे. मी नोकरीत लागलो तेव्हा कोरे होते, निवृत्त झालो तेव्हाही कोरे. मला हे नाव निवृत्तीनंतर कळलं.

गिरगावचा जावई

बरं, मागे घेतो. अर्धं. सासऱ्यांना सांगणार नाही.

पेटीवाली

काका, फार फार आभार. एली वाचून थोडा वेळ पुढे वाचवलं नाही. मुलाच्या प्रकल्पात ते घालू का नको, विचार करते.

दोन शंका. एक: तो ‘युरोपीय संगीताचा प्रमुख’ होता तर आपल्या संगीताशी त्याचा संबंध किती आला? का नुसता बीथोवन लावायचा? दुसरी माझ्या पोटापाण्याची: रेडिओवर पेटीला बंदी होती म्हणतात, ती याच्याच काळातली का? आमच्या गुरुजींनी रेडिओवर पेटी कधी वाजवली नाही, आणि त्याचा राग त्यांना शेवटपर्यंत होता.

निवृत्त ट्रेक्स

दुसऱ्या शंकेपासून घेतो, कारण तिथे गंमत आहे. जावईबापूंनी ज्या फोल्ड्‌सचं नाव घेतलं तोच तुमच्या गुरुजींचा आरोपी. जॉन फोल्ड्‌स, इंग्रज संगीतकार, दिल्ली केंद्रात युरोपीय संगीताचा प्रमुख. त्याने १९३८ मध्ये रेडिओच्या नियतकालिकात पेटीवर कडक लेख लिहिला. मुद्दा असा की बारा समान भागांत कापलेली पट्टी आपल्या श्रुतींना, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागांना, मारते. फोल्ड्‌स १९३९ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला, पण १ मार्च १९४० पासून पेटी ऑल इंडिया रेडिओवरून बंद झाली. तेव्हाचे सर्वोच्च अधिकारी लायनेल फील्डन, तेही त्याच मताचे. बंदी सैल झाली १९७१ मध्ये, तीही अटी घालून. म्हणजे एका इंग्रजाने युरोपातून आलेलं वाद्य ‘हे तुमचं नव्हे’ म्हणून काढून टाकलं, आणि आपल्यातल्या अनेक थोरांनी माना डोलावल्या. श्रुतींचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे तुम्हीही मान्य कराल. पण तो मुद्दा लावताना माणसं दाराबाहेर राहिली. तुमच्या गुरुजींचा राग मला समजतो.

आता कॉफमन. नोकरी युरोपीय संगीताची, पण माणूस नोकरीपुरता राहिला नाही. मोहन भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं, पुढे युद्धकाळात सरकारी माहितीपटांनाही. त्याचा प्रागचा मित्र विली हास, तोही ज्यू, १९३९ मध्ये मुंबईला आला आणि भवनानींकडे पटकथा लिहू लागला. हाच हास पुढे काफ्काची मैत्रिणीला, मिलेनाला, लिहिलेली पत्रं संपादित करणारा. (हिंदी सिनेमाच्या कचेरीत काफ्काच्या भाचीचा नवरा आणि काफ्काचा संपादक एकत्र बसलेत, हे चित्र मला फार आवडतं. चहा कोण मागवायचं, कोण जाणे.) ‘अनसूया’ नावाचा रेडिओसाठीचा ऑपेराही त्याने मुंबईतच लिहिला.

पण माझ्या दृष्टीने त्याचं खरं काम स्टुडिओबाहेर आहे. तो गोंड आणि बैगांची गाणी ऐकायला गेला आणि स्वरलिपीत लिहून आणली. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका संगीत त्रैमासिकात त्यावर त्याचा लेख आला. पुढे माडिया-मुरियांच्या गाण्यांवरही लिहिलं. हे मला जास्त लागतं, कारण आम्हीही ते काम केलंय. यूपीटीआर म्हणजे खांद्याला लटकवायचा टेपरेकॉर्डर घेऊन भामरागडच्या बाजूला गेलो होतो. बॅटऱ्यांचं वजन माणसाइतकं. रेला, म्हणजे त्यांचं फेर धरून म्हणायचं गाणं, चालू झाला की थांबत नाही आणि माझी टेप पंधरा मिनिटांची. टेप संपली की मी हात वर करायचो, आणि बायका हसून पुढचंच कडवं म्हणायच्या. आल्यावर आम्ही लेबल चिकटवलं: ‘माडिया समूहगीत’. गाणाऱ्यांची नावं विचारली होती, वहीत होती, लेबलावर जागा नव्हती. कॉफमनचा लेख पुढे वाचला तेव्हा लक्षात आलं की हा माणूस टेपशिवाय, कानाने ऐकून, कागदावर लिहीत होता. ज्याला दहा वर्षांपूर्वी आपलं संगीत परकं वाटत होतं त्या माणसाने.

उणे चाळीस (विनिपेग)

मी मूळचा नाशिकचा, आता बरीच वर्षं इथे कॅनडात. धागा वाचून उडालो, कारण हा माणूस आमच्या गावचा आहे! इथे तो रेडिओवाला म्हणून कुणाला ठाऊक नाही, पण विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचा पहिला संगीत दिग्दर्शक म्हणून जुन्या लोकांना नाव ठाऊक असतं. १९४८ ते १९५७. त्याआधी वर्षभर हॅलिफॅक्सच्या संगीत विद्यालयात पियानो विभागाचा प्रमुख होता, आणि त्याच्याही आधी थोडे दिवस लंडनला बीबीसीत.

मुंबईची हवा सोडून इथे आलेल्या माणसाची मला कीव येते. जानेवारीत इथे नाकातला श्वास गोठतो, हे कवित्व नाही. व्हायोलिनवाल्यांचे हाल विचारू नका. घरात हीटर, हवा कोरडी, लाकडाला चिरा. बाहेर उणे पस्तीस. वाद्य पेटीतून काढून लगेच वाजवायचं नाही, आधी खोलीच्या उष्णतेला येऊ द्यायचं, हे इथल्या पोरांना पाटीपेन्सिलीबरोबर शिकवतात.

ऑर्केस्ट्रा वाजायचा सिव्हिक ऑडिटोरियममध्ये. १९३२ ची इमारत. मूळ सभागृह राहिलं नाही, तिथे आता प्रांताचा दप्तरखाना आहे. मी कामानिमित्त जातो तिथे. जिथे वाद्यवृंद बसायचा तिथे जमिनींची कागदपत्रं. इथल्या बॅलेसाठीही कॉफमनने संगीत केलं. १९५४ मध्ये बॅलेच्या जागेला आग लागून कपडे, पडदे, स्वरलिपीच्या वह्या, सगळं गेलं, ही गोष्ट अजून सांगतात.

इथली पियानोवादक फ्रीडा ट्रेपेल ही त्याची दुसरी पत्नी.

ट्रेक्सकाका, एक विचारतो. ऑर्केस्ट्रा चालवणं आणि रेडिओ केंद्रावर संगीत विभाग चालवणं यांत किती फरक? माझा मुलगा शाळेच्या ऑर्केस्ट्रात कंडक्टरसमोर बसतो. तो कंडक्टर काठी हलवण्यापेक्षा खुर्च्या मोजतानाच जास्त दिसतो.

निवृत्त ट्रेक्स

उणे चाळीस, तुमच्या मुलाचे कंडक्टर योग्य मार्गावर आहेत. खुर्च्या मोजणं हेच काम. मी संगीत विभागाचा माणूस नव्हतो, पण विभागाच्या अधिकाऱ्यांबरोबर बसलोय. दिवसातला वेळ जातो तो कोण आलं नाही, तंबोऱ्याची तार कुणी तोडली, कराराचा कागद कुठे आहे, यांत. उरलेल्या वेळात संगीत. जिवंत प्रक्षेपणाच्या काळात तर आणखी. कॉफमनच्या वेळेला बहुतेक सगळं जिवंतच वाजायचं. लाल दिवा लागला की चूक परत घेता येत नाही. रेडिओने त्याला ही शिस्त नक्की लावली असणार. नव्या ऑर्केस्ट्राला उभं करायला असाच माणूस लागतो, ज्याला उत्तम वीस मिनिटंही हवीत आणि घड्याळही कळतं. मुंबईत वाद्यं वाजवणारे कोण होते? पारशी, गोव्याचे ख्रिस्ती, थोडे युरोपातून पळून आलेले. गोव्याच्या पोरांना तर चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकवलेलं असायचं, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजायला लागायचे. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेल, मधे सिंफनी. अशा माणसांना मंगळवारी सकाळी तालमीला जमवणं ज्याला जमलं त्याला विनिपेग काय कठीण!

आता पेटीवालीताईंचा मुख्य प्रश्न, पुढे काय झालं.

१९५७ मध्ये तो अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेला. ब्लूमिंग्टन गाव. तिथे संगीतशास्त्र शिकवलं ते १९७७ ला निवृत्त होईपर्यंत. वीस वर्षं. ९ सप्टेंबर १९८४ ला तिथेच वारला. मुलाने प्रकल्पात एकच गोष्ट लिहायची असेल तर ही वीस वर्षं लिहावी, असं माझं मत. धून वाजवायला मिनिटं लागतात. त्याने १९६८ मध्ये ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ काढलं, एवढं जाड पुस्तक. आणि त्याची मांडणी कशी माहीत आहे? भातखंड्यांच्या दहा थाटांनी, म्हणजे रागांच्या दहा मूळ गटांनी. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव असं आपल्या विद्यालयांत शिकवतात तसंच. आपले भातखंडे सप्टेंबर १९३६ मध्ये मुंबईतच वारले, कॉफमन गावात येऊन दोन वर्षं झाली होती. दोघांची गाठ पडली का, या कल्पनेत मी शिरत नाही. पण एकाने आयुष्य घालवून गवयांकडून चिजा काढून घेऊन मराठीत छापल्या, आणि दुसऱ्याने ती चौकट घेऊन अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांच्या प्रदेशात पोरांना शिकवली. १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवर वेगळं पुस्तक. शिवाय तिबेटी मठांतल्या पठणावर एक, पूर्वेकडच्या स्वरलेखन पद्धतींवर एक.

या पुस्तकांवर माझी तक्रारही आहे. सगळं पाच रेघांच्या स्वरलिपीत. दरबारी रागातला झुलणारा गंधार पाच रेघांवर टिंब होऊन बसला की ते दरबारी राहत नाही. फोल्ड्‌सने पेटीबद्दल जे म्हटलं तेच या टिंबांबद्दल म्हणता येईल. पण भातखंड्यांच्या स्वरलिपीबद्दलही गवई हेच म्हणत होते. शिकवायचं तर काहीतरी कापावं लागतं, ताई, हे तुम्ही रोज करता.

मेहली मेहतांचंही शेवटी तेच. १९४५ मध्ये ते शिकायला न्यू यॉर्कला गेले. पुढे मँचेस्टर, फिलाडेल्फिया, आणि शेवटी लॉस एंजेलिसला तरुण मुलांचा ऑर्केस्ट्रा काढून वर्षानुवर्षं पोरांना शिकवत बसले. धुनेतली दोघं माणसं अमेरिकेत मास्तर झाली.

कॉफमनची स्वतःची रचना ऐकायची असेल तर टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्याच्या चेंबर संगीताची तबकडी २०२० मध्ये काढली आहे. त्यात मुंबईत लिहिलेल्या रचना आहेत. ऐकताना मधेच तो कोमल गंधार येतो आणि मला पहाटेच्या जीपचा हॉर्न ऐकू येतो. ते माझं व्यसन म्हणून सोडून द्या.

गिरगावचा जावई

तबकडी ऐकली. आता पूर्ण मागे घेतो. सासऱ्यांनाही ऐकवली. ते म्हणाले, ‘बरं आहे, पण बलवंत सिंगच.’

पेटीवाली

काका, जावईबापू, उणे चाळीस, सगळ्यांचे आभार. मुलाने दोनाच्या ऐवजी सहा पानं लिहिली. एलीचं ठेवलं. त्याच्या आईला वाटलं काढावं, तो म्हणाला ‘मग तो मुंबईला कशाला आला ते कसं कळणार?’ पेटीवरच्या बंदीला त्याने स्वतःहून एक पान दिलं, शीर्षक ‘माझ्या मॅडमच्या वाद्यावर अन्याय’. बाईंनी लाल शाईने ‘विषयांतर’ लिहिलंय. मला ते पान फार आवडलं.

काल वर्गात सगळ्यांना धून ऐकवली, मोबाइलला स्पीकर जोडून. मग शिवरंजनीचे स्वर म्हणवून घेतले. सहा-सात वर्षांच्या पोरांनी हे पूर्वी ऐकलेलंच नाही, त्यांच्या घरी रेडिओ नाही. एकीने विचारलं, ‘हे कोणत्या मोबाइलची रिंगटोन आहे?’

आम्ही सतारमेकर गल्लीला लागूनच राहतो. शेजारचे मामू खिडकीखाली तंबोऱ्याच्या घोडीवर कानस मारत, जवारी म्हणजे तारेची गुंज जुळवत, बसले होते. तीन पिढ्यांचं काम त्यांचं. वर्ग सुटल्यावर मी त्यांना हौसेने सगळं सांगितलं, कॉफमन, मेहली मेहता, अमेरिका. त्यांनी कानस न थांबवता ऐकलं. मग म्हणाले, परत एकदा लाव. लावली. तंबोरा सुरू झाला तसा कानस थांबला, आणि व्हायोलिन आलं तशी परत चालू झाली.

‘व्हायलन कुणाचं ते हुडकलंसा तुम्ही,’ म्हणाले. ‘तंबोरा कोण छेडालंय, ते कुणी इचारलं का?’

मी म्हटलं, नाही.

‘जवारी बसलीय त्याची,’ म्हणाले, आणि घोडी उजेडाकडे धरून बघू लागले.